केळीच्या धाग्याची प्लास्टिकवरची पकड
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील संधी' हा विषय दिला होता. तो मी बदलून घेतला. आपली मुलं त्या विषयावर आपल्यालाच चार गोष्टी शिकवतील. त्यापेक्षा गेले काही महिने आपल्या व्हॉट्सॲप गटावर ज्याची रोज चर्चा चालली आहे, त्यावर बोलावं असं मला वाटलं. आपल्यातल्या अकरा जणांनी मिळून केळीच्या खोडापासून धागा काढायचा आणि त्या धाग्याचे 'फायबर'चे पत्रे बनवायचे, असं ठरवलंय. दिवाळीनंतर यंत्राची आगाऊ रक्कम द्यायची आहे. कुणी पतसंस्थेतली ठेव मोडणार आहे, तर कुणी बायकोला अजून सांगितलेलंच नाही. (हसू नका, नावं मी घेतलेली नाहीत.)

माझी नोकरी सॉफ्टवेअरची असली तरी पदवी पॉलिमर इंजिनिअरिंगची आहे, आणि नोकरीतली बरीच वर्षं साहित्य ओढून तोडणाऱ्या चाचणीयंत्रांच्या सॉफ्टवेअरवर गेली. म्हणजे वस्तू तुटताना पडद्यावर कसा आलेख उमटतो ते मी हजारो वेळा पाहिलंय. तेवढ्याच अधिकारावर बोलते.

कल्पना वाईट आहे असं मी म्हणणार नाही. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीचं झाड एकदा घड देतं आणि मग कापावंच लागतं. ती खोडं बांधावर पडून कुजतात, ती उचलायला उलट आपल्यालाच मजुरी द्यावी लागते. त्या खोडात धागा आहे आणि तो चांगला आहे. फुलवाली गजरा कशात ओवते? केळीच्या सोपटात. ओलं करून गाठ मारली की फुलं सुकतील पण गाठ सुटत नाही. खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे शंभर किलोतून जेमतेम किलो-दीड किलो सुका धागा निघतो, हे हिशेबात धरा. पण मुद्दा तो नाही.

विक्रेत्याने गटावर जो व्हिडिओ टाकलाय त्यात तो एकच गोष्ट परत परत सांगतो: धागा किती मजबूत आहे. दोन हातांनी ओढून दाखवतो, तुटत नाही. टाळ्या. पण तुम्ही धागा विकणार नाही आहात. तुम्ही विकणार आहात पत्रा, म्हणजे धागा आणि प्लास्टिक यांचं एकत्र केलेलं साहित्य. त्यात धाग्याच्या ताकदीपैकी किती ताकद पत्र्याला मिळते, हे ठरतं धाग्याच्या अंगावर प्लास्टिकची पकड किती आहे त्यावर. ती पकड व्हिडिओत दिसत नाही. सगळा माल तिथे अडतो.

खुंट्याचं उदाहरण घेऊ. बैलाचा खुंटा जमिनीत वीतभर ठोकला तर बैल एका हिसक्यात उपटतो. दोन हात खोल ठोकला तर दावं तुटेल पण खुंटा निघणार नाही. दाव्याची ताकद दोन्ही वेळा तीच आहे. फरक आहे तो मातीने खुंटा किती लांबीवर धरलाय आणि माती किती घट्ट आहे याचा. पत्र्यातला प्रत्येक धाग्याचा तुकडा हा दोन्ही टोकांनी ठोकलेला खुंटा आहे. पत्रा वाकवला की ओढ प्लास्टिकमधून धाग्यात शिरते, तीही धाग्याच्या टोकातून नाही, तर कडेच्या पृष्ठभागातून. तुकडा पुरेसा लांब नसेल किंवा पकड कच्ची असेल, तर धागा तुटायच्या आधीच प्लास्टिकमधून सरकून बाहेर येतो. मग त्याची ताकद वापरलीच गेली नाही.

याचं गणित १९६५ साली केली आणि टायसन या दोघांनी मांडलं. त्यांनी तांब्यात टंगस्टनच्या तारा बसवून पाहिल्या होत्या, पण सूत्र कुठल्याही धाग्याला लागू पडतं. धाग्याची ताकद गुणिले जाडी, भागिले पकडीची दुप्पट: एवढी तरी तुकड्याची लांबी हवी, नाहीतर धागा पूर्ण कामाला लागत नाही. आकडे घालून बघू. समजा, केळीच्या धाग्याची ताकद ५०० मेगापास्कल आहे आणि जाडी ०.१५ मिलिमीटर. पकड ५ मेगापास्कल असेल तर तुकडा निदान साडेसात मिलिमीटर हवा. तीच पकड १५ पर्यंत नेली, तर अडीच मिलिमीटरचा तुकडाही पुरतो. आता तुम्हाला विकायला आणलेल्या यंत्राच्या माहितीपत्रकात काय लिहिलंय? धागा दळून, दोन मिलिमीटरची चाळणी लावून प्लास्टिकच्या दाण्यांत मिसळायचा. म्हणजे चांगली पकड असली तरी तुकडा अपुराच. अशा मालात धागा बळ देत नाही, नुसती जागा भरतो. डब्ल्यूपीसीच्या चौकटींत लाकडाचा भुसा घालतात तसाच. भुसा म्हणून विका, माझी हरकत नाही. पण मग धाग्याचा दर लावू नका.

आता पकड कच्ची का राहते ते सांगते. आठवीत बाईंनी तेल आणि पाणी एका बाटलीत हलवून दाखवलं होतं, आठवतंय? थोडा वेळ मिसळल्यासारखं दिसतं आणि मग पुन्हा दोन थर. इथे तेच आहे. वनस्पतीचा धागा म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, आणि सेल्युलोजच्या साखळीवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात. ते पाण्याचे लाडके. म्हणूनच वाळलेला धागासुद्धा हवेतली ओल खेचून घेतो आणि वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास पाणी बाळगून बसतो. उलट पॉलिप्रॉपिलीन, ज्याच्या आपल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि डबे असतात, हे पूर्ण तेलकट स्वभावाचं. त्याला धाग्याच्या अंगावर पसरायचंच नसतं. वितळलेलं असताना धाग्याला वेढतं, थंड झाल्यावर आकसून त्याला आवळतं, आणि आपल्याला वाटतं चिकटलं. चिकटलेलं काहीच नसतं. त्यातून धाग्यावर वरून मेणाचा पातळ थर, मध्ये पेक्टिन, हेमिसेल्युलोज. म्हणजे धरायचं तर आहे, पण हात तेलाचे.

आपल्या आजी-आजोबांची धाब्याची घरं आठवा. भिंतीच्या गाऱ्यात गव्हाचं काड, भुसा घालून तुडवायचे. तेही धागा आणि भरण यांचं एकत्र साहित्यच. तिथे पकड चांगली बसायची, कारण माती आणि काड दोघंही पाण्याचे सोबती. भिंत वाळताना माती आकसे, तेव्हा काडं तिला भेगा पडू देत नसत. प्लास्टिकच्या बाबतीत ही नैसर्गिक मैत्री नाही, ती करून द्यावी लागते.

आपल्या तालुक्याच्या गावी ज्या वर्कशॉपात 'फायबर'च्या टाक्या आणि गणपतीच्या मखरी होतात, तिथे काच-धाग्याची चटई टाकून त्यावर पॉलिएस्टर रेझिन हार्डनर घालून लावतात. तुमच्यापैकी दोघांचं म्हणणं असं की तेच रेझिन, तोच साचा, तोच कारागीर, फक्त काचेच्या जागी केळी. सोपं वाटतं. पण काचेचा धागा कारखान्यातून नागडा येत नाही. त्याच्या अंगावर सिलेन नावाच्या रसायनाचा लेप चढवलेला असतो, ज्याचं एक टोक काचेला धरतं आणि दुसरं रेझिनला. गेल्या शतकाच्या मध्यापासून लोकांनी ते जमवत आणलंय आणि आपल्याला ते तयार मिळतं, म्हणून दिसत नाही. केळीचा धागा मात्र आपण थेट शेतातून आणणार. त्याच्या अंगावरचा लेप आपल्यालाच चढवायचाय. यंत्राच्या किमतीत तो खर्च कुठेही धरलेला नाही, मी दोनदा वाचून पाहिलं.

उपाय आहेत, आणि ते गुपित नाहीत. सगळ्यात जुना उपाय कॉस्टिक सोड्याचा. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८५० मध्ये सुतावर कॉस्टिकची प्रक्रिया करून पेटंट घेतलं. आपण साड्यांच्या दुकानात 'मर्सराइज्ड' म्हणतो ते त्याच्याच नावावरून. साधारण पाच टक्क्यांच्या द्रावणात धागा काही तास ठेवायचा, मग भरपूर पाण्याने धुवायचा, शेवटच्या पाण्यात थोडं सौम्य ॲसेटिक ॲसिड, मग पूर्ण वाळवायचा. मेण, पेक्टिन आणि बरंचसं हेमिसेल्युलोज निघून जातं. धागा खरखरीत होतो, थोडा विंचरल्यासारखा सुटतो आणि रेझिनला धरायला जागा मिळते. द्रावण जास्त कडक केलं किंवा जास्त वेळ ठेवलं तर धागाच कुजल्यासारखा होतो. म्हणजे पकड वाढवायला गेलो आणि ताकद घालवून बसलो. आणि हे काम बचत गटातल्या बायकांकडून करून घ्यायचं असेल तर हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा यात काटकसर चालणार नाही. उरलेलं कॉस्टिकचं पाणी नाल्यात सोडायचं नाही, हे आधी ठरवा. पर्यावरणपूरक माल म्हणून जाहिरात करायची आणि गावचा नाला पांढरा करायचा, असं आपल्या बॅचच्या नावावर नको.

पॉलिप्रॉपिलीन वापरायचं असेल तर नुसतं कॉस्टिक पुरत नाही. तिथे साबणासारखं काहीतरी लागतं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे, एक तेलाकडे. बाईंनी तेही त्याच तासाला शिकवलं होतं. इथे ते काम मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन करतं. त्याचा अनहायड्राइडचा भाग धाग्यावरच्या हायड्रॉक्सिल गटाशी रासायनिक बंध बांधतो आणि लांब शेपटी भोवतीच्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये गुंतून जाते. शंभर किलोत दोन-चार किलो घातलं तरी फरक दिसतो. ते तयार दाण्यांच्या रूपात मिळतं. महाग असतं, म्हणून गाळलं जातं.

तापमानाची अट विसरू नका. सेल्युलोज साधारण दोनशे अंशांच्या पुढे करपायला लागतं. पॉलिप्रॉपिलीन १६५ च्या आसपास वितळतं, ते चालतं. पण 'जुन्या पाण्याच्या बाटल्या वितळवून त्यात केळीचा धागा घालू' ही गटावरची सूचना बाद आहे. त्या बाटल्यांचं प्लास्टिक वितळायला अडीचशे अंश लागतात, तोवर धाग्याचा कोळसा होईल. आणि धागा यंत्रात घालण्याआधी वाळवलेला हवा, नाहीतर आतल्या ओलीची वाफ होते आणि नेमकी धाग्याच्या अंगालगत पोकळी राहते. जिथे पकड हवी तिथेच हवा.

इथपर्यंत ऐकून वाटेल की पकड जितकी जास्त तितकं बरं. तसंही नाही, आणि या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच आहे. १९६४ मध्ये कुक आणि गॉर्डन यांनी दाखवलं की एकत्र साहित्यात थोडा कच्चा जोड उपयोगी पडतो. चीर धावत येते, कच्च्या जोडापाशी पोचते, जोड तिच्या पुढ्यात सुटतो आणि चीर वळून आडवी जाते. धागा आरपार कापला जात नाही. बांबू वाकवला की तो काचेसारखा फटकन दुभंगत नाही, चिरफळ्या सुटत जातो, ते याच तऱ्हेचं. धागे सरकून बाहेर येतानाही घर्षणात बरीच ऊर्जा खातात. पकड अगदी घट्ट केली तर पत्रा ताणाला भक्कम पण ठोक्याला ठिसूळ होऊ शकतो. तेव्हा फुलदाणीला एक पकड, खुर्चीच्या पाठीला दुसरी. काय बनवायचं हे आधी ठरलं पाहिजे, आणि आपल्याकडे आधी यंत्र ठरलंय.

ट्राबांट नावाची पूर्व जर्मनीची मोटार होती. १९५७ ते १९९१ या काळात तीस लाखांच्या आसपास तयार झाल्या. पत्र्याची टंचाई म्हणून तिचं अंग सोव्हिएत युनियनमधून आलेल्या सुताच्या कचऱ्यात फिनॉलिक रेझिन घालून दाबून केलेलं होतं. फिनॉलिक रेझिनचं आणि सेल्युलोजचं चांगलं जमतं, दोघांकडेही हायड्रॉक्सिल गट आहेत. त्या गाड्या तीस-तीस वर्षं चालल्या. पण भंगारात काढायची वेळ आली तेव्हा ते अंग वितळेना आणि त्यातलं सूत वेगळंही होईना. धाग्याची आणि रेझिनची पकड जितकी चांगली, तितकी नंतर ताटातूट अवघड. तुमच्या पत्रकावर 'पुन्हा वापरण्याजोगा' असं छापणार असाल तर कशाच्या आधारावर, ते विचारणारं गिऱ्हाईक उद्या भेटेल.

आणि आता खरी अडचण, पाणी. पत्र्याची कापलेली कड, भोक पाडलेली जागा, तिथून ओल धाग्यात शिरते. धागा फुगतो, प्लास्टिक फुगत नाही. पावसाळाभर हे चालतं. मग आपला मे महिना, पंचेचाळीस अंश. धागा आकसतो, आणि प्लास्टिकपासून बारीक फट पडते. पुढच्या पावसात त्या फटीतून अजून पाणी. दोन-तीन वर्षांत पत्रा दिसायला तसाच, पण आतून प्रत्येक खुंटा सैल. वनस्पतीच्या धाग्याचे पॅनेल जर्मन मोटारींमध्ये आजही वापरतात, पण दाराच्या आतल्या बाजूला, उन्हापावसाच्या आड. बाहेर नाही. म्हणून माझं मत स्पष्ट सांगते: गोठ्याचे आणि घराचे छताचे पत्रे करू नका. ज्याच्या डोक्यावर तो पत्रा असेल तो आपल्याच गावचा असेल. घरातल्या वस्तू करा: ट्रे, फाइलची पुठ्ठी, खुर्चीची पाठ, विभाजनाचे फळे. किंवा निदान पहिली दोन वर्षं फक्त धागा काढून विका, दोरी आणि हातकागदवाल्यांना. तिथे प्लास्टिकच नाही, त्यामुळे पकडीचा प्रश्न नाही. नफा कमी आहे, मला माहीत आहे. पण त्याला कर्जाची गरजही कमी आहे.

तरीही पत्रेच करायचे असतील, तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून फूटभर लांबीचे सहा तुकडे मागा. फक्त एक मागू नका, कारण केळीचा धागा खोडाच्या बाहेरच्या सोपाचा वेगळा, आतल्याचा वेगळा, आणि एका नमुन्यावरून काही ठरत नाही. तीन तसेच ठेवा. तीन वजन करून दोन तास उकळत्या पाण्यात ठेवा, पुसून परत वजन करा. मग सहाही मोडा आणि मोडलेल्या कडेकडे भिंगातून बघा. धाग्यांची लांब लांब टोकं स्वच्छ बाहेर आलेली दिसली आणि समोरच्या बाजूला तेवढीच गोल भोकं, तर पकड नाही. टोकं आखूड आणि त्यांच्या अंगाला प्लास्टिकचे कण चिकटलेले असतील, तर पकड आहे. उकळलेल्या आणि कोऱ्या तुकड्यांत फार फरक पडला तर माल बाहेर टिकणार नाही.

अजून खात्री हवी असेल तर एकेका धाग्याची चाचणी घरी होते. रेझिनच्या छोट्या थेंबात धागा नेमका दोन मिलिमीटर बुडवून घट्ट होऊ द्यायचा आणि तोलकाट्याने ओढायचा. मघाच्या आकड्यांचा धागा नऊशे ग्रॅमच्या आसपास तुटेल. त्याच्या निम्म्यातच थेंबातून सरकून आला तर पकड पाच मेगापास्कलच्या आसपास आहे असं समजा. एका धाग्यावर थांबू नका, निदान पंचवीस-तीस ओढा आणि वहीत लिहा. आकडे मला पाठवले तर सरासरी आणि फरक मी काढून देईन. माझ्या नोकरीचा तेवढा तरी उपयोग होऊ द्या.

माझ्या बाजूने मी एक तयारी करून आले आहे. पुण्याच्या एका फायबर वर्कशॉपमधून एकाच रेझिनच्या चार पट्ट्या करून आणल्यात, धागा आपल्याच शिवारातला. दोन पट्ट्यांतला धागा कॉस्टिकमध्ये धुतलेला, दोनमधला तसाच. प्रत्येक जोडीतली एक पट्टी महिनाभर बादलीत पाण्यात होती, एक कपाटात. चारही चहाच्या टेबलाशेजारी ठेवल्यात, भिंगासकट. कुठली कोणती ते मी लिहिलेलं नाही. त्या अकरा जणांनी आधी मोडून, बघून ओळखायचं, मग चहा घ्यायचा.